झाकली मूठ उघडा!

शेतकऱ्याच्या व कारागिराच्या घरी आपत्ती कधी सांगून येत नाही. हाताशी आलेला कांदा गारपीट झोडपून काढते. दारची दुभती म्हैस दोन दिवसांच्या दुखण्याने मरते. कुंभाराची भाजायला लावलेली भट्टी अवकाळीने भिजते. सुताराच्या ज्या हातावर घर चालते त्याच हाताला मार बसतो. आणि हे कमी पडले म्हणून की काय, त्याच साली घरात एक मयत होते. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. अशा वेळी गावातले चार शहाणे ओसरीवर येऊन बसतात, चहा पितात, "धीर धरा, हेही दिवस जातील," असे म्हणतात आणि उठून जातात. त्यांचे सांगणे खोटे नाही. परंतु धीर धरावयाचा म्हणजे नक्की काय धरावयाचे, हे मात्र कोणी सांगत नाही. ते सांगावे म्हणून आजचा हा लेख.

गाडीत माल भरणारास ठाऊक असते की, ओझे तेच असले तरी ते मागे जास्त लादले म्हणजे गाडी उलाळ होते. पहिल्याच चढाला जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. तेच ओझे पुढेमागे सारखे लावले की तीच जोडी घाट चढून जाते. आपत्तीचेही असेच आहे. आमचे मत आरंभीच सांगून टाकतो. संकटात तोल राखणे हा काही मनाचा योगाभ्यास नव्हे. ओझे घरात कसे वाटून घ्यावे, याची ती रीत आहे. जो कर्ता पुरुष सारे ओझे एकट्याच्या डोक्यावर घेतो आणि वर ते पदराखाली झाकतो, त्याची गाडी उलाळ होते. जे घर ओझे उघडे करून वाटून घेते, ते वाकते, पण मोडत नाही.

कचेरीत नोकरी करणाऱ्याचे घर एकीकडे आणि काम दुसरीकडे असते. साहेबाची बोलणी तो कचेरीच्या दारात ठेवून घरी येऊ शकतो. निदान तसा यत्न तरी करू शकतो. आमचे तसे नाही. शेतकऱ्याचे घर तेच त्याचे कोठार, तोच त्याचा गोठा. विणकराचा माग घरात, चांभाराची रापी ओसरीवर, शिंप्याचे यंत्र माजघरात. बायको ही घरधनीण तर खरीच, पण धंद्यातली भागीदारही तीच. त्यामुळे धंद्याला लागलेली ठेच त्याच दिवशी चुलीला लागते आणि घरातले दुखणे दुसऱ्या दिवशी कामावर येऊन बसते. २०२० सालच्या टाळेबंदीत आठवड्याचे बाजार बंद पडले, भाजीपाला रानात सडला, इचलकरंजी-मालेगावचे माग थांबले. तेव्हा तोटा धंद्याचा किती आणि घराचा किती, हे कोणाला वेगळे करून सांगता आले काय? म्हणून आमच्या लोकांस तोल राखावयाचा तर दोन्ही पारडी एकदम पाहावी लागतात. त्याच्या चार गोष्टी आम्ही क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट, मूठ उघडी करणे. झाकली मूठ सव्वा लाखाची, अशी आपल्यात म्हण आहे. सोयरीक जुळविताना ती चालत असेल. संकटात ती विष आहे. सोसायटीचे कर्ज थकले हे कर्ता पुरुष बायकोला सांगत नाही. खाजगी सावकाराकडून उचल घेतली हे भावाला सांगत नाही. खत-औषधांच्या दुकानात उधारी किती तुंबली हे म्हाताऱ्या बापाला सांगत नाही. का? तर म्हणे त्यांच्या जिवाला घोर नको! खरे कारण निराळे असते. घरात आपली किंमत कमी होईल, हे ते कारण. मग तो ताटावर गप्प, शेतात गप्प आणि रात्री अंगणात जागा. घरच्यांना वाटते, हा आपल्यावरच रागावला आहे. मुले लांब राहतात. बायको विचारते तर तिच्यावर खेकसतो. अशा रीतीने धंद्यातला तोटा घरातला तोटा होतो, आणि ज्यांनी हात द्यावयाचा तीच माणसे परकी होऊन बसतात.

महाराष्ट्रात गेल्या तीस-पस्तीस वर्षांत ज्या शेतकऱ्यांनी आपल्या जिवाचे बरेवाईट करून घेतले, त्यांच्यामागे राहिलेल्या कित्येक बायांस नवऱ्याच्या डोक्यावर देणे किती होते, हे वसुलीला आलेल्या माणसाच्या तोंडूनच प्रथम कळले. याहून जळजळीत पुरावा कोणता पाहिजे? जी बाई त्याच्या बरोबरीने उन्हात खुरपे घेऊन बसली, पेरणीला मागे चालली, कापूस वेचून जिची बोटे फाटली, ती हिशेबात मात्र परकी! आणि पुढे ते देणे फेडावयाचे कोणी? तर तिनेच!

"पण अब्रू जाते ना!" असे कोणी म्हणेल. त्यास आमचा एकच सवाल आहे. देहूच्या तुकोबांचे घर वाणसवद्याचे, सावकारीचे, चार लोकांत मानाचे. १६३० सालच्या सुमारास पडलेल्या मोठ्या दुष्काळात त्यांचे दिवाळे निघाले आणि पहिली बायको अन्नावाचून गेली. ही हकीगत त्यांनी आपल्याच तोंडाने सांगून ठेविली आहे. झाकून ठेविली नाही. मग त्यांची अब्रू गेली काय? त्या काळी ज्यांचे दिवाळे निघाले नाही अशा सावकारांची नावे आज कोणास ठाऊक आहेत? पिकाचा तोटा ही चोरी नव्हे, की शिंदळकी नव्हे. जी लाज करणाऱ्याची नाही ती त्याने का वाहावी?

म्हणून ज्या आठवड्यात नुकसान झाले, त्याच आठवड्यात घरातल्या कळत्या माणसांना एकत्र बसवावे. बायको, भाऊ, आईबाप, आणि पंधरा-सोळा वर्षांची मुले व मुलीसुद्धा. किती गेले, किती देणे आहे, कोणाचे आहे, केव्हा द्यावयाचे आहे, एवढे चार वाक्यांत सांगावे. शब्दाला शब्द लागेल, कोणाच्या डोळ्यांत पाणी येईल, येऊ द्या. ते एका रात्रीचे असते. झाकलेले दुखणे मात्र वर्षानुवर्षे आतल्या आत कुजते.

दुसरी गोष्ट, वही. तोंडी सांगितलेले तोंडीच विरते. १८७५ सालच्या मे महिन्याच्या १२ तारखेस पुणे जिल्ह्यातील सुपे येथे कुणब्यांनी सावकारांच्या घरांतून रोखे व खतपत्रे ओढून काढली आणि त्यांची होळी केली. तो वणवा पुणे व नगर जिल्ह्यांतल्या गावोगावी गेला. सरकारने चौकशी केली, आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. कर्जाचा व्यवहार कोर्टाने मुळापासून तपासावा, कुळास पावती मिळावी, हिशेब मिळावा, अशा गोष्टी त्यात आल्या. या प्रकरणाचा धडा आमच्या मते असा आहे की, हिशेबाचा कागद एकाच्याच घरी असला म्हणजे दुसऱ्याचा गळा त्याच्या हाती जातो. कुणब्याने सावकाराचे कागद जाळले खरे. परंतु ताडून पाहावयास त्याच्या स्वतःच्या घरी एक चिटोरेही नव्हते. त्याला अक्षर येत नव्हते. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तो याच अडाणी ठेवलेल्या लोकांच्या कळवळ्याने.

आज ती सबब उरलेली नाही. कित्येक घरांत सातवी-आठवीतली मुलगी असते. तिच्या हाती एक शंभर पानी वही द्यावी आणि तीन रकाने आखावयास सांगावे: आले, गेले, देणे. घरखर्च एका पानावर, धंद्याचा दुसऱ्या पानावर. हल्ली मोबाइलवरून पैसे जातात. नोट हातातून सुटत नाही म्हणून ते गेलेच नाहीत असे वाटते, यासाठी तेही लिहावे. घरच्या बाईचे किती दिवस शेतात किंवा मागावर गेले, हेही लिहावे. म्हणजे तिच्या कष्टाची मजुरी कोणत्या पानावर बुडते ते कळेल. व्यापारी दिवाळीत वहीची पूजा करतो. आमच्या घरांत पूजा करावयास वहीच नसते! पूजा न केली तरी चालेल. रोज दोन ओळी लिहा. देणे डोक्यात असले म्हणजे रात्री ते डोंगराएवढे होते. कागदावर उतरले म्हणजे ते अमुक रुपये, अमुक तारीख एवढेच राहते, आणि त्याची वाटणी करून फेड ठरविता येते.

तिसरी गोष्ट, हत्यार विकू नये. दिवाणी प्रक्रिया संहिता म्हणून १९०८ सालचा कायदा आहे. त्याच्या ६० व्या कलमात असे आहे की, देण्याच्या हुकूमनाम्याच्या वसुलीत कारागिराची हत्यारे जप्त होत नाहीत. तसेच शेतकऱ्याची औते-अवजारे, आणि पोट भरण्यास न्यायालयाला जरूर वाटतील तेवढी जनावरे व बी-बियाणे हीही जप्त होत नाहीत. कर्ज काढून घेतलेले आणि त्याच कर्जाला तारण लावलेले यंत्र ही गोष्ट वेगळी. परंतु कायद्याचे मर्म काय आहे ते पाहा. देणे फेडावयाचे तर माणूस कामाला उभा राहिला पाहिजे, आणि कामाला उभा राहावयाचा तर हत्यार त्याच्या हाती राहिले पाहिजे.

कायद्याला जे कळते ते आमच्या घरांना का कळू नये? हुकूमनामा घेऊन आलेल्या धनकोस न्यायालय म्हणते, बैलाला हात लावू नको. आणि आम्ही मात्र आपण होऊन पोरीच्या लग्नाच्या मांडवासाठी, बापाच्या तेराव्याच्या जेवणावळीसाठी तोच बैल बाजारात नेऊन उभा करतो! असतील शिते तर जमतील भुते. पंगतीला पाचशे येतात. पेरणीला जोडी मागावयास गेलो तर एकाचेही दार उघडे नसते. भीड ही भिकेची बहीण आहे, हे ठाऊक असून आम्ही भिडेपायी भिकेला लागतो. सत्यशोधक समाजाने १८७३ सालापासून थोड्या खर्चाच्या साध्या लग्नाची रीत आमच्या लोकांत घातली. दीडशे वर्षांनंतर पाहावे तो मांडव मोठा झाला आहे, वाजंत्र्याच्या जागी कानठळ्या बसविणारे यंत्र आले आहे, आणि कर्जाचा आकडा त्याच मापाने वाढला आहे.

तंगीच्या सालात काय आधी सोडावे याचा क्रम घराने शांतपणे ठरवून ठेवावा. पहिला डामडौल सोडावा. मग हौसेची वस्तू. मग दागिना, पण ज्या बाईचा असेल तिने आपण होऊन दिला तर. मग जादा जनावर. औत, हत्यार, बियाणे ही अगदी शेवटची. आणि मुलांची शाळा हेही हत्यारच समजावे. एक तोंड कमी होईल म्हणून पोरीला शाळेतून काढावयाचे आणि अठरा वर्षे पुरी होण्याआधीच उजवून टाकावयाचे, हा बियाणे दळून भाकरी करण्याचा प्रकार आहे. शिवाय तो कायद्याने गुन्हा आहे. आज पोट भरेल, पण पुढल्या सालाचे काय?

चौथी गोष्ट, विसावा आणि नेमाचे काम. नुकसान झाल्यावर माणसे दोन टोकांना जातात. एक जण हातपाय गाळून पारावर बसतो, आणि पारावरून गुत्त्यावर जावयास फार वेळ लागत नाही. दुसरा एकाच वर्षात सारे भरून काढावयाच्या इरेला पेटतो. एक बोअर कोरडी गेली म्हणून उचल घेऊन दुसरी पाडतो, दुसरी गेली म्हणून तिसरी. सारे रान एकाच नगदी पिकाखाली घालतो. रात्रीचा दिवस करतो आणि मग अंथरूण धरतो. पहिल्याला आपण आळशी म्हणतो आणि दुसऱ्याला कष्टाळू म्हणून नावाजतो. आमच्या मते दोघांच्याही गाड्या उलाळच आहेत. पहिल्याने जू खाली टाकले, दुसऱ्याने बैलांच्या ताकदीबाहेर भरले, एवढाच फरक.

मुंबईच्या गिरण्यांत एके काळी कामगारास आठवड्याची ठरलेली सुटी नसे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून गिरणीकामगारांची संघटना बांधून ही मागणी धरून ठेविली, तेव्हा १८९० च्या जून महिन्यात गिरणीमालकांनी रविवारची सुटी कबूल केली. ज्यांचे पोट रोजच्या मजुरीवर, त्यांनीच विसावा मागितला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. कारण थकलेला हात यंत्रात सापडतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. शेतकऱ्याला व घरी धंदा करणाऱ्या कारागिराला ही सुटी कोणी मालक देणार नाही. ती त्याने आपली आपण घेतली पाहिजे. बैलाला पोळा आहे. कित्येक गावी सोमवारी औत धरीत नाहीत. मालकाला कोणता वार आहे? आणि मालकिणीला तर बैलाइतकाही विसावा नाही! संकटाच्या सालात पहिली काटछाट तिच्या झोपेवर व तिच्या ताटातल्या भाकरीवर होते, आणि ती आजारी पडली म्हणजे घर आणि धंदा दोन्ही एकदम बसतात.

विसाव्याबरोबर काम चालू ठेवणेही आलेच. १८८८ साली जोतीरावांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवे अंग लुळे पडले. ज्या हाताने सारे आयुष्य लेखणी धरली तो हात गेला. त्यांनी डाव्या हाताने लिहावयास घेतले आणि 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' पुरे केले. १८९० त ते वारले. पुस्तक १८९१ साली छापून बाहेर आले. त्यांनी हात बदलला, काम टाकले नाही. आणि त्या दिवसांत सावित्रीबाई त्यांच्याजवळ होत्या, ते एकटे नव्हते. आमच्या घरांना यातून घ्यावयाचे ते एवढेच: सगळे रान पेरता येत नसेल तर निम्मे पेरा, दहा मडकी होत नसतील तर चार करा, मोठे काम मिळत नसेल तर खुरप्याला धार लावून द्या. माणूस रोज ठरल्या वेळी उठून काहीतरी करीत राहिला म्हणजे मन आपोआप त्याच्या मागे येते.

येथवर वाचून कोणी रास्तपणे विचारील की, "हा सारा उपदेश गरिबालाच का? पाऊस त्याने पाडला नाही, भाव त्याने पाडला नाही, धरणाचे पाणी त्याने सोडले नाही. मग तोल त्यानेच का राखावा?" हा सवाल आम्हांस मान्य आहे. २०१४ ची गारपीट किंवा २०१९ चा कृष्णा-पंचगंगेचा पूर कोणा शेतकऱ्याच्या चुकीने आला नव्हता. परंतु तोल राखणे म्हणजे निमूट सोसणे नव्हे. १९७२ च्या दुष्काळात आमची माणसे, बायाबापड्यांसह, हजारोंनी दुष्काळी कामांवर खडी फोडीत होती. त्यांनी आपली उपासमार घरात झाकून ठेविली नाही. ती रस्त्यावर आणली, काम मागितले. आणि पुढे १९७७ साली महाराष्ट्रात काम मागण्याचा हक्क देणारा रोजगार हमीचा कायदा झाला. मूठ उघडी केली म्हणून तो हक्क पदरात पडला. ज्याने आपले नुकसान झाकले, तो त्याची भरपाई कोणत्या तोंडाने मागणार?

म्हणून पीक गेले तर त्याच दिवशी तलाठ्याकडे लेखी अर्ज द्यावा, पंचनामा मागावा, शेताचे फोटो तारखेनिशी ठेवावे. सावकाराचा जाच असेल तर तो मुकाट्याने सोसू नये. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याने परवान्यावाचून सावकारी करणे हा गुन्हा ठरविला आहे. त्याची तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे करता येते, आणि अशा सावकाराने कर्जापोटी गिळलेली जमीन चौकशीअंती परत मिळण्याची वाट त्या कायद्यात ठेविली आहे. पण त्या चौकशीत पहिला प्रश्न येतो तो हा: किती घेतले, किती दिले, केव्हा दिले? तेथे घरची वही कामास येते.

शेवटी दोन शब्द गावाला. ज्याच्या घरी नुकसान झाले त्याच्या ओसरीवर चहा पिऊन उठून येणे म्हणजे शेजारधर्म नव्हे. त्याच्या पेरणीला एक दिवस जोडी द्या, त्याच्या मुलाला आपल्या मुलाबरोबर शाळेत न्या, त्याच्या घरच्या कार्यात जेवणावळीचा आग्रह धरू नका. आणि जो माणूस एकाएकी गप्प झाला, ज्याचे खाण्यापिण्यावरून मन उडाले, जो "माझ्यामागे पोरांकडे बघा" अशी भाषा बोलू लागला, त्याला एकटे सोडू नका. जवळ बसून सरळ विचारा, जिवाचे काही करावे असे मनात येते काय? विचारल्याने तसले विचार वाढतात हा गैरसमज आहे. विचारल्याने माणूस मोकळा होतो. सरकारची टेलि-मानस नावाची सोय २०२२ सालापासून आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही फुकट बोलता येते, आणि मराठीतही बोलता येते. बैल लंगडला तर आम्ही गुरांचा डॉक्टर बोलावितो, त्यात लाज मानीत नाही. मग धन्याचे मन लंगडले तर देवऋषी कशाला आणि लपवाछपवी कशाला?

बंधूंनो आणि मायबहिणींनो, पाऊस आमच्या हाती नाही आणि बाजारही अजून आमच्या हाती आलेला नाही. त्यासाठी झगडावयाचे आहेच. परंतु झगडावयास माणूस जिवंत, शुद्धीवर आणि आपल्या माणसांत पाहिजे. म्हणून हा अंक वाचून खाली ठेवाल तेव्हा एक काम करा. आज दिवेलागणीला घरातली माणसे एकत्र बसवा, मुलीच्या हाती वही द्या, आणि जे देणे आजवर एकट्याच्या डोक्यात होते, ते मोठ्याने सांगून तिच्याकडून पहिल्या पानावर लिहवून घ्या.